सपाट शहर, चढाचं शहर

३ मार्च, गुरुवार

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप! सांगून सांगून जीभ झिजली. आज तर जावयाने तो मुद्दामच आणला, भाजीच्या भांड्याला टेकवून ठेवला. कंपनी बदली करते आहे. दोन वेगळ्या देशांतली दोन शहरं देऊ केली आहेत, महिनाअखेर एक सांगायचं. पगार तोच, काम तेच. तेव्हा निवड शाळेवर. दोन्हीकडे आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय शाळा आहेत.

‘आई, तुम्ही सांगाल ती शाळा. उभा जन्म शाळेत काढलात तुम्ही.’

म्हटलं, मी खरं तेच सांगेन, मग तोंड वाकडं करू नका.

हसला. ‘पोटच्या पोरीला वर्तणुकीत ब देणाऱ्या मुख्याध्यापिका तुम्ही. माहीत आहे मला.’

लेकीनेच सांगितलं असणार. शंभरदा सांगायची, दर वेळी हसायची. तिला जाऊन पावणेदोन वर्षं होतील. तेव्हापासून मी या परक्या देशात तिचं घर चालवते, तिच्या मुलीच्या वेण्या घालते. भिंगरी म्हणतो आम्ही नातीला. आता नावापुरतीच. नऊ वर्षांची पोर — घरात बोलते, शाळेत अक्षर नाही. बाईंनी विचारलं की बाकाकडे बघत राहते. इथल्या शाळेने हात टेकले. नवी शाळा तिला बोलती करेल का, एवढंच मला बघायचं आहे. पोहण्याचे तलाव आणि घोडे गेले खड्ड्यात.

६ मार्च, रविवार

पाठ धरली आहे. बाजारातून आले तर खोलीतल्या पडद्याची दोरी कुणीतरी तीन पदरी गुंफून ठेवलेली. सोडवली, सरळ केली. या घरात माणसांना उद्योग नाही.

१० मार्च

सपाट शहर. मी आपलं असंच नाव ठेवलं. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस परगावचा वाटावा. शाळा म्हणजे नुसती काच. प्राचार्यांनी कॉफी दिली आणि अर्धा तास तलावाबद्दल बोलले. मी म्हटलं, मुलींची स्वच्छतागृहं दाखवा. त्यांना वाटलं मला जायचं आहे! शाळा कळते ती तिथे. तीनपैकी दोन दारांना कड्या नव्हत्या.

मग वह्या. गठ्ठ्यातली वरची वही पुढे केली त्यांनी. मी तळातली ओढली. निरीक्षकांना वरची वही दाखवणं आम्हाला का ठाऊक नाही? तळातल्या वहीत चुकलेल्या भागाकारावर सुंदर हिरवी बरोबरची खूण.

भिंगरीला तासभर वर्गात बसवलं. बसवलं कुठलं — उभं केलं. ‘तुझ्या घरी कोण कोण असतं, सांग बरं सगळ्यांना.’ ती गप्प. ‘बरं, आई काय करते?’ सगळा वर्ग तिच्याकडे बघतोय आणि ही फ्रॉकची कड मुठीत धरून उभी. बाईंनी तिच्या डोक्यावरून मला विचारलं, ‘लाजाळू आहे का?’

‘नाही,’ मी म्हटलं. पुढचं गिळलं.

गाडीत बसल्यावर कार्टी म्हणते, ‘आजी, किती मार्क?’ हा आमचा खेळ. भाजीला, ड्रायव्हरला, बाबांच्या शर्टाला, सगळ्याला दहापैकी मार्क.

‘तूच दे.’

‘शून्य दिलं तर त्यांना वाईट वाटेल का?’

११ मार्च

घर दाखवणारी बाई बोलकी. तीन खोल्या. तिसरीचं दार ढकलून म्हणाली, ‘ही आजींची!’ पूर्वेला खिडकी. कपाटाचे कप्पे हाताशी, स्टूल लागणार नाही. खाली बाक, त्यावर माझ्याच वयाच्या दोघी बसलेल्या, एकमेकींचं न ऐकता बोलत.

खोली मला आवडली. लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाकबूल होता येणार नाही.

१४ मार्च

चढाचं शहर. हे नाव माझ्या गुडघ्यांनी ठेवलं! दोन पावलं सरळ रस्ता नाही. शाळेची इमारत जुनी, रंगाचे पोपडे, मैदान म्हणजे अंगण. मनात म्हटलं, चला, इथे वेळ लागणार नाही.

स्वच्छतागृहाच्या सगळ्या कड्या लागत होत्या.

तळातली वही काढली. चुकलेल्या गणिताशेजारी लाल शाईत — ‘इथपर्यंत कसा आलास ते मला सांग.’ आणि खाली त्या पोराने खरंच सांगितलेलं, वेड्यावाकड्या अक्षरात.

वर्गशिक्षक उंच, वाळका, बाहीला खडू. भिंगरीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. कात्र्यांचा डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘एवढ्या मोजून दे. रोज एक कमी भरते, मला आता कंटाळा आला.’ आणि दुसऱ्या मुलांकडे वळला. मी दाराबाहेर तिचं दप्तर धरून उभी.

तिने मोजल्या. परत मोजल्या. मग —

‘अकरा.’

मोठ्याने! तो पाठमोराच म्हणाला, ‘बारा हव्यात.’ तर ही म्हणते, ‘बारावी त्या मुलाच्या खिशात आहे. टोक दिसतंय.’

वर्ग हसला. तीही हसली. मी भिंतीला टेकले. गुडघ्यांमुळे.

१५ मार्च

इथेही घर बघितलं. दोनच खोल्या. मी विचारलं, तिसरी कुठे? इथली बाई कागद चाळत म्हणाली, ‘तिसरी कशाला? या देशात नोकरदाराबरोबर फक्त नवराबायको आणि मुलं. सासू, आईवडील कुणी नाही. आजींना पाहुण्या म्हणून महिनाभर येता येईल, वर्षातून एकदा.’ वाईट हेतू नव्हता तिचा. पाऊस येईल म्हणावं तसं म्हणाली.

जावई स्वयंपाकघरात नळ सोडून बघत होता. सोडत होता, बंद करत होता. ‘बघू, काहीतरी मार्ग काढू,’ म्हणाला. नळाला.

१७ मार्च

परत आलो. डोकं ठणकतंय.

चढाच्या शाळेत खोट काढण्याजोगं पुष्कळ आहे. मैदान नाही. बस अर्ध्या रस्त्यापर्यंतच. तो मास्तर उद्या नोकरी सोडून गेला तर? नुसतं एवढं म्हटलं तरी पुरे. खोटं एकही अक्षर नाही त्यात. जावई माझं ऐकेल, आणि पूर्वेची खिडकी माझी.

आणि आईवाचून वाढणाऱ्या पोरीला शाळा जास्त लागते की घरात बाईमाणूस? हा प्रश्न खोटा नाही! ताप आला तर कोण बसेल उशाशी? तो बैठकीतून उठून येणार? दिवसभर हेच घोळवते आहे. पण प्रश्न खरा असला तरी तो आत्ताच का सुचावा, हेही मला कळतं.

१८ मार्च

भाजी करपली. भिंगरीने तीन मार्क दिले. बरोबर दिले.

२० मार्च, रविवार

सांगून टाकलं. तो चहा ओतत होता.

‘चढाच्या शहरातली शाळा. दुसरीकडे पाठवलंत तर पोरीचं नुकसान कराल.’

‘नक्की ना, आई? पण तुमचं तिथे —’

‘नियम मीही ऐकला. कानाने अजून धड आहे.’

त्याचे डोळे भरले. ‘फार मोठं मन आहे तुमचं.’

म्हटलं, मनाबिनाचं काही नको. शाळेने मार्क मिळवले, मी दिले. चहा सांडतोय, कप धरा.

उठून खोलीत आले. काय करायचं ते सुचेना, म्हणून घडी घातलेल्या साड्यांच्या पुन्हा घड्या घातल्या.

२४ मार्च

माझं परतीचं तिकीट निघालं. तिकडच्या घरातल्या भाडेकरूंना कळवायला हवं. धाकट्या बहिणीचा फोन — ‘ये ग माझ्याकडे, दोघी म्हाताऱ्या भांडू.’ तिच्याशी भांडण्यात मजा नाही, लगेच हरते.

भिंगरीला ताप आला की ती उशीखाली हात घालून झोपते, पंखा सोसत नाही, गोळी पाण्याबरोबर गिळत नाही, साखरेत चुरून द्यावी लागते. जावयाला सांगितलं. तो मान हलवत होता. ‘लिहून घ्या,’ म्हटलं. ‘लक्षात राहील,’ म्हणाला. कसं राहील?

२७ मार्च, रविवार

आज तिला वेणी शिकवायला बसवलं. यापुढे तिची तिलाच घालायची. तीन पेड कसे धरायचे ते दाखवते तोवर तिने केस माझ्या हातातून सोडवून घेतले आणि आरसा न बघता सरसर घातली. दुसरीही.

‘कुणी शिकवलं?’

‘बाबांनी. तू बाजारात गेलीस की. आधी आम्ही पडद्याच्या दोरीवर करायचो.’

‘कधीपासून?’

‘शाळा बघायला जायच्या आधीपासून. चढाच्या शहरात तू नसणार ना, म्हणून. बाबा म्हणाले, तिथलीच शाळा चांगली आहे, पण आत्ता आजीला सांगायचं नाही, ती आपणहून बरोबर तेच निवडेल.’ मग मान वळवून दाखवली. ‘किती मार्क?’

भांग सरळ होता. पेड सारखे. नऊ दिले.

एक कशाचा कापला, म्हणून मागे लागली आहे.