कंट्रोलचा तुकडा

३ नोव्हेंबर
“आधी कंट्रोल बघ, मग माणूस,” असं आमचे सर शिकवताना म्हणाले होते. किती वर्षं झाली. आज नगरच्या या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झाले. खोलीत छान ऊन येतं. टेक्निशियन मोनिकानं आल्याचा चहा दिला.

प्रोस्टेटमधून सुईनं काढलेल्या तुकड्यांना इथं इम्युनोचा खास रंग देतात. निरोगी ग्रंथीभोवती तपकिरी कडं उमटतं, कॅन्सरच्या ग्रंथीभोवती उमटत नाही. रंग नीट चढला का हे कळायला त्याच काचेवर एक निरोगी तुकडा लावायचा, तो कंट्रोल. इथला कंट्रोल आमच्या शिपायांचा, सहादेवदादांचा. जुन्या ऑपरेशनमधला, मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला; रोज त्याचा एक पातळ काप घ्यायचा. दादा म्हणाले, “रोज मलाच कापता मॅडम, पातं तरी नवं लावा.” खूप हसलो.

१० नोव्हेंबर
कंट्रोलमधल्या एका ग्रंथीचं कडं तुटलंय. रंग पुन्हा दिला. तसंच. मेणातला तुकडा बदलत नसतो. दादांची कंबर दुखते. तिसगावच्या बाजारात पोतं उचललं हुतं, म्हणाले.

१८ नोव्हेंबर
निम्मी कडी गेली. दादांच्या रक्तात पीएसए, प्रोस्टेट कॅन्सरचा इशारा देणारा, वाढलाय. मी ब्लॉक बदलला. राहात्याहून अण्णांचा, माझ्या वडिलांचा आणला. गेल्या वर्षीच्या ऑपरेशनचा, अगदी निरोगी. घरचाच माणूस कापायला काढला का, म्हणून मोनिकानं चिडवलं. कडी सगळी शाबूत.

२७ नोव्हेंबर
दादांची कंबर दुखायची थांबली, पीएसए उतरला. पेढे वाटले त्यांनी. मी पेढा हातात धरून काच बघितली. अण्णांचं एक कडं —

३० नोव्हेंबर
अण्णांचा फोन. कंबर धरलीय, लई बसून राहतो ना, म्हणाले. मी बरं म्हटलं. घाबरायला हवं होतं, पण काही वाटलं नाही. अजून वाटत नाही.

२ डिसेंबर
कंट्रोल नको म्हटलं. मोनिकानं विचारलं, मग लोकांना रिपोर्ट काय द्यायचा? बरोबर आहे तिचं. कपाटातल्या बाकीच्या ब्लॉकवरही कुणाची तरी नावं. त्यांना विचारता येत नाही. दादांना येतं.

३ डिसेंबर
अण्णांची निम्मी कडी —
दादांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. हसले नाहीत. दाराशी उभे आहेत, चपला घालून. न्हाई म्हणतील. म्हणायलाच हवं. तरी विचारते — दादा, तुमचा तुकडा परत लावू द्या, अण्णांना जरा बरं वाटेपर्यंत —