होणाऱ्या बायकोचा फॉर्म

१२ जानेवारी

प्रिय कु. कवळीवाली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दचकू नकोस. ‘सौ.’च्या जागी ‘कु.’ चुकून पडलेलं नाही, मुद्दाम लिहिलंय. का ते खाली सांगतो, तोवर कागद फेकू नकोस.

आधी खुशाली. मी बरा आहे. थंडी इतकी आहे की काच उचलायचे रबरी पंजे काचेला धरतच नाहीत. आधी काच पुसून कोरडी करायची, मग पंजा दाबायचा, मग देवाचं नाव घेऊन चौघांनी उचलायची. सध्या एका दवाखान्याच्या सहाव्या मजल्यावर खिडक्या बसवतोय. मुकादम तोच, त्याचं तोंडही तेच. परवा विचारत होता की माझ्यासारखा चुळबुळ्या माणूस काचेच्या धंद्यात आलाच कसा. मी म्हणालो की काच हातात असली की मी हलत नाही, बाकीच्या वेळी हलून घेतो.

दुसरी बातमी म्हणजे मी वेगळी खोली घेतली. दोन खिडक्या आहेत. एका माणसाला ती खोली मोठी होते. रविवारी मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसता फिरत असतो.

आता मुद्दा. हे फोनवर काढलं की तू गप्प होतेस आणि मी चिडतो, म्हणून लिहितोय. एजंटकडे जाऊन आलो. तुला इथे आणायला दोन वाटा आहेत. एक, बायकोचा व्हिसा. त्याला लग्नाचा सरकारी दाखला लागतो आणि एकाच मालकाकडच्या सलग बारा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. दाखला आपल्याकडे नाही. शनिवारी लग्न लागलं, रविवारी कचेरी बंद, सोमवारी मी विमानात. आणि मी सप्टेंबरात मालक बदलला, त्यामुळे पावत्या चारच. मग अर्ज, छाननी, मुलाखत. सगळं धरून चौदा महिने.

दुसरी वाट, होणाऱ्या बायकोचा व्हिसा. चार महिन्यांत हातात! तू यायचं, सहा महिन्यांच्या आत इथल्या कचेरीत लग्न नोंदवायचं. तोवर तुला इथे काम करता येणार नाही, एवढीच खोट. पण त्यासाठी तू कागदावर अविवाहित हवीस. एजंट म्हणतो की दाखला नाही म्हणजे सरकारच्या हिशेबी आपलं लग्न झालेलंच नाही, यात खोटं ते काय. मलाही पटलं.

फॉर्म मीच भरून सोबत पाठवतोय. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे फक्त सही कर. ओळखीचा पुरावा म्हणून आपली पत्रंही जोडायची आहेत. माझ्या सगळ्या पत्रांवर ‘सौ.’ आहे, म्हणून यापुढे ‘कु.’ चालवायचं. जुन्यांची काळजी करू नकोस. मी आधी वहीत कच्चं लिहितो ते तुला ठाऊकच आहे. त्यावरून सगळी नव्याने लिहून काढतो.

आईला नमस्कार. सही लगेच कर, माझा जीव वरखाली होतोय. मायना बदलला तरी माया तीच समजावी.

तुझा,
होणारा (!) नवरा


२९ जानेवारी

श्री. काचवाले यांस,
सा. न. वि. वि.

कुमारी मुलीने परक्या पुरुषाला लिहावं तसा मायना घातला आहे. चालेल ना तुमच्या एजंटला? की आपली ओळख कुठे झाली तेही आधी विचारून घेऊ?

इकडे सगळे खुशाल. आईंचा खोकला थांबला. आमच्या कारखान्यात कवळ्यांची रांग लागली आहे. एक निवृत्त हेडमास्तर आले होते. त्यांना कवळीत पुढच्या दोन दातांमध्ये फट हवी आहे. आमच्या बाईंनी समजावलं की फटीशिवाय छान दिसेल, तर म्हणाले की चाळीस वर्षं फट होती, ती बुजवली तर घरी कुणाचं तोंड घेऊन जाऊ? बाईंनी ते काम माझ्याकडे दिलं. मेणात ते दोन दात चार वेळा काढून बसवले, तेव्हा कुठे जमलं.

आता तुमचा फॉर्म. पाकीट आलं तेव्हा मी आणि आई भाजी निवडत होतो. आईंना वाटलं, पोराचं पत्र आहे, वाच मोठ्याने. पत्र वाचायची सोय नव्हती, म्हणून म्हटलं फॉर्म आहे, मला तिकडे नेण्याचा. त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. हात पुसून नीट बसल्या आणि म्हणाल्या की मग तोच वाच, काय काय लिहिलंय तुझ्याबद्दल ते ऐकू दे. मी नाव वाचलं. माहेरचं होतं, पण त्यांच्या लक्षात आलं नाही. जन्मतारीख वाचली, उंची वाचली. पुढची ओळ मला वाचता आली नाही. ठसका लागल्याचं सोंग करून पाणी प्यायला उठले.

तुमच्या घरात राहते, तुमच्या आईच्या शेजारी झोपते, लाइटच्या बिलावरून त्यांच्याशी भांडते. ही कोण आहे मग, भाडेकरू?

चौदा महिने मलाही लांबच आहेत. प्लास्टरचे साचे काढते म्हणून मी काही प्लास्टरची नाही. पण उद्या कुणा साहेबाने विचारलं की याआधी लग्न झालंय का, तर मला एकच उत्तर येतं. चाळीस माणसं जेवून गेली आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये आपले फोटो आहेत. पकडलं गेलं तर दार किती वर्षं बंद होतं, ते एजंटने सांगितलं का? नसेलच. विचारा.

फॉर्म कपाटात ठेवला आहे, सहीविना. रागावणार हे ठाऊक आहे. रागावा, पण उत्तर लिहा.

थंडीत कान झाकत जा. परक्या पुरुषाला याहून जास्त सांगता येत नाही.

आपली,
(काय ते तुम्हीच ठरवा)


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन नाही, पत्र नाही, आज पंचवीस दिवस झाले. आईला सांगितलंय की तुला लांबच्या कामावर पाठवलंय. तिला पटलं असं ती दाखवते. तुझी बायको मला काही सांगत नव्हती. मीच खोदून काढलं. ती कामावर जाते, येते, जेवते, आणि दाराशी टपालवाल्याची सायकल वाजली की भांडी जरा हळू घासते.

तू सातवीत गणिताच्या पेपराला खिडकीतून उडी मारून पळालास, तेव्हा तुला शोधायला मीच गेले होते. तेव्हाही तुझं म्हणणं हेच, की तीन तास कोण बसणार. अरे, ती बाई आठ महिने तुझ्या नावाने बसली आहे, आणि तू तिला सांगतोस की बसलीच नाहीस असं लिही?

कुठली वाट धरायची ते दोघांनी ठरवा, मी मध्ये बोलणार नाही. (बोलले म्हणा.) पण गप्प बसून तिला झुकवू नकोस. ती झुकेल, आणि मग तुलाच बघवणार नाही.

उलट टपाली लिही. कान पिळायला हात पोचत नाही म्हणून एवढ्यावर सोडते.

तुझी,
ताई


१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामावर मिळालं. जेवायच्या सुट्टीत काचेच्या पेट्यांवर बसून वाचलं. तू लिहिलंस ते खरं आहे. मला राग आला होता. मी इथे रात्रंदिवस तिला आणायची धडपड करतो आणि ती एका शब्दावर अडते, असं वाटत होतं.

एजंटला पकडलं गेल्याचं विचारलं. आधी त्याने कान खाजवला, मग म्हणाला दहा वर्षं, पण सहसा पकडत नाहीत. तरी माझा हट्ट गेला नव्हता, तुझ्याशी कशाला खोटं बोलू. मला वाटलं, पत्रं तयार ठेवू, म्हणजे ती हो म्हणाली की लगेच अर्ज टाकता येईल.

मग रविवारी बसलो वही घेऊन. पहिल्या पत्रात नुसतं ‘सौ.’चं ‘कु.’ केलं, सोपं होतं. पण खाली लिहिलेलं की आईच्या खोलीतलं कपाट तू घे, माझे कपडे खाली टाक. ते कसं ठेवणार? गाळलं. दुसऱ्यात तिच्या वडिलांना मी जावई म्हणून काय काय वचन दिलं ते होतं, गाळलं. तिसऱ्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती मला बाजारात शोधत होती आणि मी चपलांच्या दुकानात झोपलो होतो, त्यावरून मारामारी. तीही गाळली. ताई, अकरा पत्रं मी अशी लिहिली. संपल्यावर वाचून पाहिली. उरलं काय, तर हवा थंड आहे आणि काचा जड आहेत. असली पत्रं मी मुकादमालाही लिहिली नसती.

सगळी फाडली. चौदा महिन्यांची वाट धरायची ठरवलंय. पण त्यासाठी तिकडे येऊन लग्न नोंदवायला हवं, आणि इथे हाच मालक धरून राहायला हवं. मुकादमाकडे मे महिन्यात आठ दिवसांची रजा मागितली आहे. तो विचार करून सांगणार आहे. तिला तू इतक्यात काही बोलू नकोस. मी येतो म्हणून तीनदा फसवलंय, चौथ्यांदा रजा हातात आल्यावरच सांगेन.

आईला म्हणावं, लांबच्या कामावरून परत आलो. कान पुढे केला आहे, आल्यावर पिळ.

तुझा,
धाकटा


१४ मार्च

ती. स्व. यांस,
नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणजे काय ते समजले. फॉर्मवर सही करून सोबत पाठवत आहे. तुम्ही तिथे एकटे आहात, त्रास तुम्हाला जास्त आहे. तुम्ही ठरवाल ते योग्यच असेल. आईंना काही सांगितलेलं नाही. यापुढे पत्रं तुम्ही म्हणता तशीच लिहीन.

प्रकृतीस जपावे.

आपली,
कु. (पुढे माहेरचं नाव, फॉर्मवर आहे तसं)


२ एप्रिल

प्रिय सौ. हिस,
अनेक आशीर्वाद, आणि त्याआधी माफी.

तुझं पाकीट मिळालं. चार ओळी, त्यात एकही टोमणा नाही. माझी गाळण उडाली. तू मला गाढव म्हणतेस तेव्हा मला काही वाटत नाही, पण मी ठरवीन ते योग्यच असेल असं तू लिहिलंस आणि मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, एखादा टोमणा आत राहिला असेल म्हणून. ताईने बजावलं होतं की तू झुकशील आणि मला ते बघवणार नाही. तसंच झालं.

खरं सांगतो. ही सही यायच्या आधीच मी दुसरी वाट सोडली होती. ताईला तसं लिहिलंही होतं, पण रजा मंजूर होईपर्यंत तुला सांगू नको म्हणून तिचं तोंड मीच बांधलं. तुला तेव्हाच एक फोन केला असता तर तू ही सही केली नसतीस. माझी चूक आहे, ताईवर चिडू नकोस.

आणि आणखी खरं सांगतो. सही हातात आल्यावर मी पुन्हा डळमळलो. शनिवारी फॉर्म घेऊन एजंटच्या दुकानापर्यंत गेलो. बाहेर बाक आहे, त्यावर बसलो. मनात आलं की चार महिने, म्हणजे ऑगस्टात तू या खोलीत असशील, खिडकीपाशी उभी राहून सांगशील की काच वाकडी बसवली आहे. तासभर बसलो असेन. मग फॉर्म उघडला आणि तुझी सही पाहिली. तू सहीखाली एक रेघ मारतेस, कागद फाटेल इतकी जोरात. इथे रेघ नाही. एजंट आतून हात करत होता. मी त्याला हात केला आणि घरी आलो.

मुकादमाने रजा दिली, १८ ते २५ मे. अट एकच, की परत आल्यावर पुढचं वर्षभर काम सोडायचं नाही. मी लगेच हो म्हणालो, तर त्याचाच विश्वास बसेना. तिकीट काढलंय. तू नोंदणीच्या कचेरीत २० मेची वेळ घे आणि कुठले कागद लागतात ते विचारून ठेव. तीन साक्षीदार लागतात म्हणे. ताई, भावजी आणि तुमच्या कारखान्यातल्या बाई चालतील का? बायकोच्या व्हिसावर आलीस की पहिल्या दिवसापासून काम करता येतं. इथे आमच्या गल्लीच्या टोकाला दात बनवणाऱ्यांचा कारखाना आहे, काचेतून आत डोकावून आलो. तुझ्याइतकं बारीक काम दिसलं नाही.

मला चौदा महिने थांबणं जमेल का, ठाऊक नाही. आजवर मला चौदा महिने काहीच जमलेलं नाही, शाळा नाही, नोकरी नाही. हे पहिलंच. अधूनमधून फोनवर चिडेन, ते मनावर घेऊ नकोस.

फॉर्म सोबत परत पाठवतोय. सही तुझी आहे, फाडायचा तर तूच फाड. आणि पुढचं पत्र चार ओळींचं नको. दोन महिने तुला ताटकळत ठेवलं, त्याबद्दल जे काय म्हणायचं ते सगळं म्हण, पाठपोट लिही, जागा पुरली नाही तर समासात लिही.

कळावे. राग असावा, लोभ मी आल्यावर मागून घेईन.

तुझा,
नवरा