कुरमाघरासमोरची ग्रामसभा

प्रिय निशात,

तुझा निरोप एसटीच्या डोमाभाऊंनी आणून दिला. सुकरी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी यायला तयार नाही आणि तू तिला तिकडे मूल गावीच ठेवून घेते म्हणतेस. शाळेसाठी माझी पोरगी वर्षभर तुझ्या घरी राहते, तेवढे उपकार मला पुरेत. फोनची रेंज टेकडीवर मिळते, पण आज मला टेकडीवर जायचं नाही, म्हणून ओसरीत बसून लिहिते. मधे मधे कोंबड्या हाकलाव्या लागतात, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

कुरमाघर तुला ऐकून माहीत आहे. पाळीच्या दिवसांत बाईनं गावाबाहेरच्या त्या झोपडीत राहायचं, कुणाला शिवायचं नाही, डबा घरून येतो. खरं सांगायचं तर मला तिथे जायला कधी फार वाईट वाटलं नाही. पाणी भरणं नाही, चूल नाही, चार बायका मिळून नवऱ्यांच्या नकला करायच्या. पण आमच्या वेळी छप्पर धड होतं. गेल्या पावसाळ्यात सुकरी सणाला गावी आली असताना तिची पहिली पाळी आली, तेव्हा ती तिथे एकटीच होती. छप्पर गळत होतं, दार तर नव्हतंच, आणि रानडुकरं थेट उंबऱ्यापर्यंत आली. सकाळी आजीनं, म्हणजे माझ्या सासूनं, लांबूनच भाताचं ताट ठेवलं. ठेवताना म्हातारी रडत होती, पण तिनं पोरीला घरात काही घेतलं नाही. सुकरीनं ते घरात न घेणंच तेवढं पाहिलं. दिवाळीला ती आली नाही. टेकडीवरून फोन केला तर मलाच विचारते, आई, तू सरपंच आहेस ना? मी रेंज गेल्याचं सोंग केलं.

चंद्रपूरचं आपलं प्रशिक्षण तुला आठवत असेलच. तू नगर परिषदेची, मी ग्रामपंचायतीची, दोघी शेवटच्या रांगेत. लोकांच्या मानवी हक्कांचं रक्षण करणं हेही तुमचंच काम आहे, असं त्या बाई सांगत होत्या आणि राजुऱ्याकडचे एक सदस्य उठून म्हणाले, “मॅडम, याले निधी कोन्त्या खात्यातून येते?” सगळा हॉल हसला. आपणही हसलो. परतताना तू बाजारातल्या बायकांच्या मुतारीसाठी किती भांडतेयस ते सांगत होतीस आणि मी मनात म्हणत होते, हिचं बरं आहे, मुतारीच्या आड कुठला देव येत नाही. मग तू आड येणाऱ्या दुकानदारांची नावं घेतलीस आणि मला कळलं, तुझ्याकडेही देव आहेतच.

मार्चच्या ग्रामसभेत मी दोनच मोठे विषय ठेवले, तेंदूपानाचा लिलाव आणि कुरमाघर. नेमकी त्याच दिवशी माझी पाळी आली. सभा गोटुलात, गावाच्या सामायिक घरात होते आणि कुरमातल्या बाईनं गोटुलाची पायरी चढायची नसते. आमचे उपसरपंच बिरजूभाऊ लांबूनच म्हणाले, “बाई, तुमी बसा कुरमात आरामशीर. सभा मी घेऊन घेतो.” माणूस वाईट नाही, फक्त त्यांना आनंद लपवता येत नाही. माझा दुसरा विषय ते कुठल्या कोपऱ्यात सारतील हे मला ठाऊक होतं. मी ग्रामसेवक अजीमभाऊंना सांगितलं, सभा कुरमाघरासमोर घ्या, अध्यक्ष तिथेच आहेत.

पुरुष लांब मोहाच्या झाडाखाली बसले, मी कुरमाघराच्या तोंडाशी, आणि मधल्या जागेत बायका. माझा आवाज पलीकडे पोचेना, म्हणून बायकाच माझं बोलणं पुढे सांगू लागल्या आणि सांगताना आपलंही घालू लागल्या. मी म्हटलं छप्पर गळतं. झाडापाशी पोचेपर्यंत त्यात कुणाचा नवरा कधीपासून छपरावर चढला नाही हे नावानिशी आलं होतं. कुणालाही तिथे जबरदस्तीनं पाठवायचं नाही, जी जाईल तिच्यासाठी दार, दिवा आणि पाणी ग्रामपंचायत देईल, असा ठराव बायकांच्या हातांवर मंजूर झाला. माझ्या सासूनं हात वर केला नाही. “माह्या सासूनं पाळलं, म्या पाळलं. हिलेच काऊन जड जाते?” असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

मग अजीमभाऊंनी नेहमीच्या सवयीनं वही आधी अध्यक्षांकडे आणली. ते बाहेरचे, त्यांना आमचा विटाळ लागत नाही हे गावानं सोयीनं ठरवलेलं आहे. मी दोन्ही ठरावांखाली सही केली. वही झाडाखाली गेली आणि बिरजूभाऊंनी हात पाठीमागे घेतले. कुणीच वहीला शिवेना. पण तेंदूचा ठरावही त्याच पानावर होता. सह्या नाहीत तर लिलाव नाही, लिलाव नाही तर गावाचा उन्हाळा कोरडा. “दुसरी वही आना,” कुणीतरी म्हणालं. अजीमभाऊ म्हणाले, तिच्यातही पहिली सही बाईंचीच लागेल. शेवटी माझी सासू उठली. “उन्हात पान तोडाले मीच जातो ना? आन इकडे,” म्हणाली आणि तिनं अंगठा उठवला. मग नाही म्हणायची सोय कुणाला उरली नाही. बिरजूभाऊंनी तर तापल्या तव्याला शिवल्यासारखी घाईनं सही केली.

कुरमाघराला दार लागलं, दिवा आला. तू हे सुकरीला सांगितलंस तेव्हा ती म्हणाली म्हणे, ठराव झाला, पण आई कुठे झोपली? पोरीचा प्रश्न बरोबर होता. मी कुरमातच झोपले होते. ठरावानंतर एकही बाई घरी राहिली नव्हती, मीसुद्धा नाही. पहिली कोण होणार, असं प्रत्येकीला वाटत होतं. याचं मला फार वाईट वाटलं, निशात.

काल माझे दिवस सुरू झाले. गोधडी काखेत घेऊन निघाले तर सासू दारात उभी. “कुठी चालली? अख्ख्या गावानं वहीले हात लावला, कोनाले काई झालं नाई. बस घरी.” चुलीपाशी ती मला येऊ देत नाही आणि माझ्या हातचं पाणी घेत नाही. टेकडीवर देवाचं ठाणं आहे, म्हणून मीही तिकडे गेले नाही. तेवढं मी तिचं ठेवलं. पण माझं ताट ती स्वतः आणते आणि ते ठेवून मागे सरत नाही, इथेच बसून राहते. आत्ताही शेजारी बसली आहे. हे पत्र तिनंच लिहायला लावलं आणि सारखी विचारते, आजी बोलावते म्हनून लिवलं का? लिहिलं म्हणून तिला सांगितलं. सुकरीला हे वाचून दाखव. ती पुन्हा विचारेल, आई कुठे आहे. सांग, घरी आहे.

तुझीच,
रंजीता