सतराशे ऐंशीची राणी

२ फेब्रुवारी १९४२, फुलचूर.
मालधक्क्याची कारकुनी सुटली, पण पार्सलांच्या चिठ्ठ्या वाचून शिकलेले इंग्रजी आज कामी आले. गोंदियाच्या छोटेलाल सराफाकडे युरोपचे चांदीचे नाणे पाहिले. एकीकडे भरल्या अंगाची राणी, उलट बाजूला दोन तोंडांचा गरुड. लोक तिला व्हिक्टोरिया समजतात. मी चष्मा पुसून वाचले: थेरेसिया. डेट १७८०. छोटेलाल म्हणाला, बाबूजी, ऐसा पारखी नहीं देखा. माणूस सरळ आहे.
संकल्प: निरनिराळ्या सालांची बारा जमवणे.

५ फेब्रुवारी.
जुनेपणापायी छोटेलाल दुप्पट वजनाची चांदी मागतो. रास्तच. गंगाचे तोडे दिले. गंगा आमचे शेंडेफळ, वैशाखात लग्न. आमच्या हिला, म्हणजे धुरपताबाईला, सांगितले, पॉलिशला टाकले. त्याआधी एखादा नागपूरचा साहेब दोन नाणी घेईल, की चौपट तोडे करू.
साहेब शोधायचा आहे.

१ मार्च.
सात मिळाली. सातही १७८०ची. त्या साली तिकडे पीकपाणी बरे असावे. एकशे बासष्ट वर्षांत ओरखडा नाही! युरोपची चांदी ती.

२८ मार्च, दुपार.
बारा पूर्ण. सगळी १७८०. एकाच घरची पुरलेली हंडी, यात शंका नाही. कलेक्शन फुटू द्यायचे नाही.
धुरपताबाईने विचारले, दोन महिने कोन्तं पॉलिश चालू हाये जी? बायकांना धीर नाही.

२० एप्रिल.
हिचा भाचा गोवर्धन लग्नाला आला. मुंबईच्या टांकसाळीत असतो. कौतुकाने नाणी दाखवली. तो हसतच सुटला. मामाजी, हे तं आमीच पाडले, परवाच्या साली! अरबस्तानाकडं हेच चालते, म्हणून डेट कायम जुनीच ठेवतेत.
पोरगा अजून शिकाऊ आहे.

२१ एप्रिल.
छोटेलालला जाब विचारला. म्हणाला, मैंने कब कहा पुराना है? साल तो आपही ने पढ़ा. तोडे त्याने फेब्रुवारीतच आटवले. नाणी परत घेतो, पण निम्म्या वजनाने, वर चांदी हलकी म्हणून आणखी घट. ज्याला सरळ म्हटले त्याने केसाने गळा कापला. आणि ती राणी! तोंडावर साल लिहून खोटे बोलते.
हिला खरे सांगितले. ओरडली नाही. भाकर वाढली. ओरडली असती तर बरे होते.

३ मे, गंगाचे लग्न.
बारा नाण्यांचे बारीक पैंजण झाले. विहीणबाईंनी पायांकडे पाहून विचारले, तोडे कोठं हायेत? मी तोंड उघडण्याआधी गंगा बोलली: बाबा देऊन राहिले होते, मीच नाही म्हटलं, लई भारी होते.
पोर आजवर खोटे बोलली नव्हती.
मी पानाचे तबक उचलून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेलो.