चष्मा विसरलेला पाहुणा

शनिवार, ता. ७ फेब्रुवारी
मी, आनंदराव बाळा चौगले, वय ७८, इयत्ता चौथी पास, घरचा कर्ता, राहणार कोल्हापूर, स्वहस्ते लिहितो. नात सायली हिने लग्नाकरिता स्वतःच मुलगा ठरविला आहे. मुलगा आजऱ्याचा. मी होकार दिलेला नाही, आणि माझा हात लागल्याविना या घरात सुपारी फुटत नाही. सध्या तो विषय कोणीच काढीत नाही. उलट आज सायलीचा बाप चि. विलास म्हणतो, "आबा, उद्या प्रदर्शन बघाय जाऊया." साधे रंकाळ्यावर कधी नेले नाही! संशय.

रविवार, ता. ८
इटली देशाचा जुना चित्रकार. यंत्रेही योजीत असे. त्याचे उडण्याचे लाकडी पंख पाहिले. उडाल्याचे कोठेही लिहिलेले नाही. हा गृहस्थ उलट्या अक्षरांत लिही, आरशात धरल्यावर अक्षर लागते. सरळ मनुष्यास याची गरज काय? एका बाईचे चित्र. हसते की काही दडविते, कळेना. सुनबाईंचा चेहरा सकाळपासून तसाच.
बाकावर बसलो. शेजारी अनोळखी गृहस्थ. "पावणं, नाव काय म्हनायचं?" सांगितले. "राग लई येतो का हो?" कारण असल्यास येतो, म्हणालो. "चष्मा इसरलोय, तेवढी पाटी वाचा की." खड्या आवाजात वाचली. "चला, त्या पंखांपतूर जाऊया." गेलो. घरची मंडळी खांबाआड. गृहस्थांच्या खिशातून चष्म्याची दांडी डोकावत होती.

सोमवार, ता. ९
नाव विचारले, वाचावयास लावले, चालविले. ही तर मुलगी पाहण्याची रीत!
सुनबाईंस बोलावून विचारले. "मुलाचं थोरलं चुलतं त्ये. तुमी तापट हायसा असं त्यांच्या कानावर गेलतं. घरी बोलावलं असतं तर तुमी दारच लावलं असतं." आणि वर, "मला बघाय आलतासा, तवा तुमी बी मला पेपर वाचाय लावलतासा की, मामंजी."
सौ. पदर तोंडास लावून हसल्या. यावर मी...

बुधवार, ता. ११
आजऱ्याहून फोन. चि. विलासने लांबूनच सांगितले, "आबा, तुमी पसंत पडलासा. रविवारी सुपारीला येत्यात."
माझी पसंती अद्याप कोणास कळविलेली नाही. सायलीने न विचारता माझा फेटा उन्हात घातला. "आबा, बांधणार न्हवं?" आत ठेव म्हणालो नाही. बांधीन असेही म्हणालो नाही.
हे लिहितेवेळी समक्ष हजर: सौ., सुनबाई, नात सायली. चि. विलास दाराआड.