चौथी खुर्ची

३ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शब्दावर मला या सलूनमध्ये घेतलं, म्हणून आधी तुम्हालाच कळवतो. मी काम सोडायचं म्हणतोय. थंडी पडल्यापासून माझं तोंड मुरुमांनी भरलंय, वर सालपटंही निघतायत. माझ्या चौथ्या खुर्चीवर कुणी दाढीला बसत नाही. बाकीच्या तीन भरलेल्या असल्या तरी लोक पेपर वाचत थांबतात. ज्याच्या डोक्यावर मोजून अकरा केस आहेत अशा एका गृहस्थाने काल मला विचारलं की, हे लागण होणारं आहे का. मालक म्हणाले, महिनाअखेरपर्यंत तोंड सुधारलं नाही तर मागे टॉवेल धुवायला जायचं.

उपाय चालू आहेत. दर तासाला तोंडावर गरम टॉवेल ठेवतो, तुरटी फिरवतो, वर आफ्टरशेव्ह चोळतो. आणखी काय करू ते लिहा. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा


८ डिसेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक अक्कल येण्यासाठी.

तुझं पत्र वाचून मामी हसली. मला तेवढंही जमलं नाही. गरम टॉवेल, तुरटी आणि आफ्टरशेव्ह, तेही दिवसातून दहा वेळा. तोंड आहे की मोरी? हवा आधीच कोरडी, त्यात तू कातडी सोलून काढतोस आणि वर मलाच विचारतोस की सालपटं का निघतात. गाढवानेसुद्धा एवढी मेहनत घेतली नसती.

एक कातडीचे डॉक्टर वीस वर्षं माझ्याकडे केस कापायला यायचे, त्यांचं ऐकलेलं सांगतो. तोंड दोनदाच धुवायचं, कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने. ओलसर असतानाच बिनतेलाचं हलकं क्रीम लावायचं. तेलकट कातडीलाही थंडीत ते लागतं. मुरुमाला नख लावायचं नाही. आणि तिथल्या डॉक्टरांना दाखव. त्या अकरा केसवाल्याला सांग की मुरुमांची लागण होत नाही, मूर्खपणाची होत असावी.

मामीने तुझी आठवण काढली आहे. माझी माया आहे, पण ती लायकी पाहून वाढेल.

तुझा मामा


२९ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सगळं बंद केलं. सालपटं गेली, आग थांबली. डॉक्टरांनी मलम दिलंय, पण म्हणाले की मुरूम जायला अजून दोन महिने लागतील. मालकांना तेवढा धीर नाही. पुढच्या सोमवारपासून मी मागे, टॉवेलांपाशी. त्यापेक्षा घरी परततो.

राग मानू नका, पण छातीपर्यंत दाढी सोडून दुसऱ्याच्या तोंडाबद्दल बोलणं सोपं असतं. स्वतः न्हावी असून तुम्ही चाळीस वर्षांत गालाला वस्तरा लावला नाहीत. लोक आपल्या तोंडाकडे बघून उठून जातात म्हणजे काय होतं, ते तुम्हाला काय कळणार.

चुकलं असेल तर पदरात घ्या.

तुमचा भाचा


२ जानेवारी

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

कळतं. तुझ्या वयाचा असताना मी माझे मुरूम नखांनी फोडले आणि त्यावर कपड्यांचा साबण घासला. गालांची चाळण झाली. गिऱ्हाइकं दुसऱ्या खुर्चीकडे वळायला लागली, तेव्हा मी दाढी वाढवली. माझे गाल तुझ्या मामीनेसुद्धा पाहिलेले नाहीत. जन्मभर लोकांची तोंडं उघडी करत आलो आणि स्वतःचं झाकून बसलो. तुला मूर्ख म्हणालो, पण मूर्ख एक वेळ सुधारेल, भित्र्याचं काय करायचं? मला माझीच किळस येते.

रविवारी सकाळी दहाला, भर गर्दीत, मी तिथे येतोय. तुझ्या मालकाला वस्तरा धरायला मीच शिकवलंय, तो तोंड उघडणार नाही. मी चौथ्या खुर्चीवर बसेन. पूर्ण दाढी काढायची, गुळगुळीत. पेपर वाचणाऱ्यांना नीट बघू दे कुणाचं तोंड कसं आहे, आणि तुझा हात कसा आहे.

खड्ड्यांपाशी हात हलका ठेव. पातं नवीन लाव. मामी बरोबर येते आहे.

तुझा मामा