कापडात गुंडाळलेला केक

स्नेक, मंगळवार

हिल्केताई,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझी तब्येत उत्तम आहे. शेजारची सीत्स्के म्हणते की तिनेके गेल्यापासून मी वाळलो, पण ती तिच्या मेंढ्यांविषयीही तेच म्हणते. तेव्हा ग्रोनिंगनहून एवढ्या लांब येण्याची मुळीच तसदी घेऊ नका.

लिहिण्यास कारण, गेल्या आठवड्यात मी न्याहारीचा केक भाजला. तोच, तिनेके करायची तो, राय धान्याच्या पिठाचा, मसाल्याचा. (तुमच्या धाकट्या बहिणीने कृती कुठेच लिहून ठेवलेली नाही. मी इतकी वर्षं खुर्चीवरून पाहत होतो, आणि पाहिलं म्हणजे आलं असा माझा समज होता.) पीठ, काकवीसारखा घट्ट पाक, दूध, दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग. लोणी नाही, अंडं नाही, एवढं पक्कं आठवत होतं. लवंगपूड जरा सढळ हाताने पडली, कारण डबीचं झाकणही सोबतच पडलं. मंद आचेवर भाजला आणि गरम असतानाच सुरी घातली. म्हणजे घालायला गेलो. शेवटी करवतीच्या दात्यांची सुरी आणून एक तुकडा पाडला.

तेवढ्यात सीत्स्के नेहमीप्रमाणे मागच्या दाराने आत आली. "वीबे, हे खायचंय की समुद्राच्या बांधावर घालायचंय?"

खायचंय, असं मी म्हणालो.

"जन्मभर नोकरीत बांध तपासलेस, आता घरात घालायला लागलास होय!" असं म्हणून तिने तो तुकडा मेंढ्यांपुढे टाकला. मेंढ्यांनी तो हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. (मेंढीच्या तोंडावर नाराजी इतकी स्पष्ट दिसते हे मला ठाऊक नव्हतं.)

अन्न टाकवत नाही, म्हणून उरलेला केक तिनेकेच्या निळ्या चौकड्यांच्या कापडात गुंडाळून डब्यात घातला आणि डबा कपाटावर ठेवला. तीही तसंच करायची, आणि लगेच कुणाला हात लावू द्यायची नाही. मला वाटे, माझ्यापासून लपवते. तसं मी पाहुण्यांसमोर बोलूनही दाखवायचो. ती नुसती हसायची.

परवा फेकून द्यावा म्हणून डबा उघडला. केक मऊ झाला होता. ओलसर, बोट लावलं तर चिकटेल असा. आणि स्वयंपाकघरात तो वास आला. मी जरा वेळ खाली बसलो. (लवंग जास्त होती.)

सीत्स्केला हाक मारून जाड लोणी लावलेली फोड दिली. तिने ती संपवली आणि दुसरीसाठी ताटली पुढे केली. मग म्हणाली, "मेंढ्यांना सांगू नकोस हं."

बाकी सर्व ठीक.

आपला,
वीबे

ता. क. संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर येत्या शनिवारी तिनेकेचं नाव आहे, तिच्याच अक्षरात. (मी रोज पाहतो. तिथे बसल्यावर दुसरं पाहण्यासारखं काही नाही.) आपल्याकडे वाढदिवसाला घरच्या सगळ्यांचंच अभिनंदन करतात. पण जिचा वाढदिवस तीच नसेल, तर नवऱ्याचं करतात की नाही, हे कुणाला विचारावं कळेना. पाहुण्यांसाठी खुर्च्या मात्र रिवाजाप्रमाणे गोल मांडून ठेवल्या आहेत. एकीवर सीत्स्के बसेल. उरलेल्या फार दिसतात. वर तसदीबद्दल जे लिहिलं आहे, ते वाचू नका.

आणखी ता. क. नवा केक आजच कापडात बांधला. केकची दोन्ही टोकं शाबूत आहेत. एक तिनेके मला द्यायची, दुसरं स्वतः खायची. ते तुमचं. दारात आलात की अभिनंदन आधी तुम्ही म्हणा. मला आधी म्हणायला जमणार नाही.